ग्रीटच्या श्वासातला मिथेन

बेल्जियममधल्या घेंट शहरात पियानो शिकवणाऱ्या ग्रीटचं पोट सकाळी सपाट असायचं आणि संध्याकाळपर्यंत तट्ट फुगायचं. ट्रॅममध्ये लोक उठून जागा देत. पावाच्या दुकानातल्या बाईने तर एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "कितवा लागला गं?" ग्रीट पाव न घेताच घरी आली. तिला आणि तिच्या नवऱ्याला, योस्टला, मूल झालं नव्हतं. ती आशा सोडूनही बरीच वर्षं लोटली होती.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, काही सापडलं नाही. "हे सगळे मनाचे खेळ आहेत," एवढंच तिला ऐकवलं. पुढेपुढे योस्टलाही तसंच वाटू लागलं, ते तिला जास्त लागलं.

नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र श्वासाची तपासणी सांगितली. उपाशीपोटी जायचं, गोड पाक प्यायचा आणि थोड्याथोड्या वेळाने नळीत फुंकायचं.

"दुखतंय पोट आणि हे तपासतायत तोंड," योस्ट पुटपुटला.

हिल्डे नावाच्या नर्सने ते ऐकलं. "अहो, मिथेन वायू आपलं शरीर बनवत नाही, आतड्यातले सूक्ष्मजीव बनवतात. तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासातून बाहेर पडतो. असं फुटतं त्यांचं बिंग!"

पहिल्याच फुंकरीला मिथेनचा आकडा चढा निघाला. पाक प्यायल्यावर तो आणखी वर गेला. ग्रीटला रडू फुटलं.

"घाबरू नका, औषध आहे यावर," हिल्डे म्हणाली.

"घाबरले नाही हो. काहीतरी निघालं एकदाचं!"

योस्टने तिचा हात धरला. "चुकलं माझं, ग्रीट. मलाही वाटायचं की..."

"माहितीये. बोलला नाहीस कधी, पण चेहरा बोलायचा तुझा."

औषधं सुरू झाली. काही दिवस कांदा-लसूण बंद झाला. स्वयंपाक योस्टकडे होता, त्यामुळे कुरकुरही त्याचीच. महिनाभर बरं गेलं, मग पोट पुन्हा फुगलं. ग्रीट खचली, पण तिने औषधं दुसऱ्यांदा घेतली. वसंतात पुन्हा तपासणी झाली. मिथेन पुरता गेला नव्हता, पण निम्म्याहून खाली आला होता.

"चल घरी," बाहेर येताच योस्ट म्हणाला.

"घरी नको. ओस्टेंडला जाऊ, समुद्रावर. पोटाच्या भीतीने किती उन्हाळे घरात काढले!"

"आणि तिथे दुखलं तर?"

"तर परत येऊ. त्यात काय एवढं?"

योस्ट हसला आणि दोघं स्टेशनकडे निघाली.