आपोआप उत्तरं

जावईबापूंनी सासऱ्यांची तर्जनी धरली आणि पहिलीतल्या पोराचं बोट पाटीवर टेकवावं तशी ती माऊसवर टेकवली.

"आता दाबा, बाबा."

शेठनी दाबलं. इतक्या जोरात, की शेजारच्या डबीतल्या सुया खुळखुळल्या. पडद्यावर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली आणि शिवणयंत्रांच्या सुट्या भागांच्या त्या दुकानाची वेबसाईट जुन्या होस्टिंगवाल्याकडून नव्या कंपनीकडे निघाली. शेठनी असा सुस्कारा सोडला, की बघणाऱ्याला वाटावं सगळं सामान यांनीच पाठीवरून वाहून नेलं.

जावईबापूंना जगात माहीत नाही अशी गोष्ट नव्हती. दात कसा काढावा हे ते दाताच्या डॉक्टरला सांगत, तेही डॉक्टरचा हात यांच्याच तोंडात असताना. लग्नाला सात महिने झाले होते आणि तेवढ्यात दुकानाचं दार, पाटी आणि पंखा त्यांच्या सल्ल्यानं बदलला होता. नवं दार आत ढकलावं की बाहेर ओढावं यावर गिऱ्हाइकांत अजून एकमत नव्हतं. राहता राहिली होती वेबसाईट.

जुना होस्टिंगवाला समोर उभा होता. अकरा वर्षं त्यानं साईट आपल्या सर्व्हरवर ठेवली, बिघडली की येऊन नीट केली. त्याला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. साईटवर लोक प्रश्न विचारतात, ते एका टपालपेटीत येतात. ती पेटी वेगळी हलवावी लागेल, कशी ते यात लिहिलंय, असं तो म्हणाला. जावईबापूंनी कागद न उघडता चहाच्या कपाखाली सारला.

"तुमच्याकडचा पाचोळा नव्या घरात आणायचा नाहीये आम्हाला," ते म्हणाले. "तुमच्याकडचं खातं आज बंद करून टाका."

मागच्या खोलीच्या दारात शेठची थोरली बहीण येऊन उभी राहिली होती. तिला सगळे आक्का म्हणत. वडिलांच्या वेळेपासून ती त्या खोलीत बसून सुटे भाग निवडत असे. डोळे मिटून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनवर बोट फिरवलं, की यंत्र कुठल्या सालचं, इतकंच काय, मालकीण रागीट होती की शांत, हेही ती सांगे म्हणतात.

"ती पेटी राहू दे," आक्का म्हणाली. "लागते."

"आक्का, तुला कळतं का त्यातलं काही?" शेठ मान न वळवता म्हणाले. "सुया मोज."

ती सुया मोजायला गेली.

आता शेठचं खरं वैभव सांगायला हवं. व्यापारी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत ते उठून सांगत, की आमची साईट आपोआप उत्तरं देते. कुणी विचारो, कसलंही यंत्र असो, पणजीचं असो की पणजीच्या सासूचं, पट्ट्याचं माप, शटलचा आकार, दोऱ्याचा ताण, सगळं साईटच सांगते. तुमच्या साईटी मुक्या आहेत, असं ते बाकीच्यांना म्हणत आणि बाकीचे खाली बघत. अकरा वर्षांपूर्वी होस्टिंगवाल्यानं टपालपेटीबद्दल विचारलं, तेव्हा 'ते आक्काकडे टाका' असं शेठच म्हणाले होते. पण जे आक्काकडे गेलं ते शेठच्या डोक्यातून गेलं, हा त्या घरचा जुना रिवाज होता.

सोमवारी साईट हलली. मंगळवारी शिवणकाम शिकवणाऱ्या मोठ्या शाळेच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या चाळीस जुन्या यंत्रांचे टाके सुटत होते. बॉबिन ज्यात बसतं ती चाळीस शटल बदलायची होती, पण आधी एक शंका होती आणि ती त्यांनी सकाळीच साईटवर लिहिली होती. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं तर मागणी इथेच, आणि इथून पुढे शाळेचं सगळं सामान दर वर्षी इथूनच. नाहीतर पलीकडच्या रस्त्यावरचा दुकानदार वाटच बघत होता.

"उत्तर आपोआप येईल, बाई," शेठ म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. चाळीस यंत्रांची शाळा म्हणजे मंडळाचं अध्यक्षपद खिशात.

बुधवारी उत्तर गेलं नाही. गुरुवारीही नाही. शेठनी नव्या कंपनीला फोन लावला आणि आमचं उत्तर देणारं यंत्र का चालू केलं नाही म्हणून झाडलं. पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, की तुमच्या सामानात तसलं काही आलेलंच नाही. शुक्रवारी सकाळपासून जावईबापू एकेक फाईल उघडून बघू लागले. चौदाशे फायली उघडल्यावर त्यांना सासऱ्यांचा एक आडवा फोटो सापडला. तो त्यांनी सरळ केला. दुकानातला फोन मध्ये दोनदा वाजला; दोघांनाही सवड नव्हती.

"त्या भिकारड्यानं प्रोग्राम ठेवून घेतलाय," शेठ म्हणाले आणि त्यांनी होस्टिंगवाल्याला बोलावून घेतलं. तो आला. या खेपेला शेठनी स्वतः खुर्ची पुढे केली, कारण चोराशी गोड बोलावं असं त्यांचं मत होतं.

होस्टिंगवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेठ, ती उत्तरं रोज सकाळी साडेदहानंतर जायची. दुपारी दोन ते चार एकही जायचं नाही. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या वेळी पंधरा दिवस बंद होती. यंत्राला मोतीबिंदू होतो का?"

जावईबापू काहीतरी सांगायला निघाले होते. त्यांनी तोंड मिटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

शेठ उठले. मागच्या खोलीचं दार त्यांनी कित्येक वर्षांत ओलांडलं नव्हतं, त्यामुळे उंबऱ्याला पाय अडखळला. आक्का चष्मा नाकावर ओढून बॉबिनं निवडत होती. शेजारी एक जुना संगणक होता आणि भिंतीशी छताला टेकतील अशा बुटांच्या खोक्यांच्या चळती होत्या. प्रत्येकीवर साल लिहिलेलं, आणि आत प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

शेठनी घसा साफ केला. "आक्का, त्या शाळेच्या बाईंना... आजचा शुक्रवार आहे. तू जरा..."

"मघाशी त्यांचाच फोन होता," आक्का म्हणाली. "कुणी उचलेना, मग इथून मीच बोलले."

शेठचा चेहरा खुलला. "मग? चाळीस शटल?"

"एकही नको. शटल चांगली आहेत त्यांची. सुया उलट्या बसवल्यात कुणीतरी. सपाट बाजू पलीकडे करा म्हटलं. बाईंनी माझ्यासमोर, म्हणजे फोनवरच, एक फिरवून बघितली. टाका बसला."

शेठ भिंतीला टेकले. एक खोकं हललं.

"अगं, चाळीस होती. घेतली असती त्यांनी. तू सांगितलंस कशाला?"

आक्कानं बोटांतलं बॉबिन उजेडात धरलं, कडेवरून नख फिरवलं आणि डावीकडच्या डब्यात टाकलं.

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली.