सरांची पारख

मालेगावच्या खो-खो स्पर्धेसाठी शाळेच्या संघात ललितचं नाव लागलं. पण सामने दोन दिवसांचे, म्हणजे रात्रीचा मुक्काम आला. दहावीत गेला तरी त्याचं अंथरूण अधूनमधून ओलं होई. हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. आई नवस बोलून थकली होती. वडील, खंडेराव, एवढंच म्हणत, "घोडा झालास, लाज वाटत नाही?"

सांगायचं तरी कुणाला? खेळाचे अहिरे सर जीव लावत, पण त्यांची जीभ भारी चेष्टेखोर. संघातल्या रोहितला मिसरूड फुटलं, तर त्यावरून त्यांनी अख्खं मैदान हसवलं होतं.

म्हणून ललितने आधी एक लहान गुपित त्यांच्या हाती देऊन पाहिलं. "सर, मला पोहता येत नाही. पोरांना सांगू नका हं."

गोदाकाठच्या पंचवटीतल्या पोराला पोहता येऊ नये, म्हणजे चेष्टेला आयतं कुरणच. सर नुसते "बरं" म्हणाले.

त्यानंतर मैदानात शिरताना ललित रोज कान टवकारून असे. कुणी काही बोललं नाही. मग एका रविवारी सराव संपताच रोहित ओरडला, "चला रे गंगेवर! ललित, आज उडी मारल्याशिवाय तुला सोडत नसतो." पोरांनी त्याला धरलंच.

"त्याला सोडा रे," सर मागून म्हणाले. "मैदान आखायची फक्की आणायला मला तो हवाय."

आणि खरंच त्याला सायकलवर मागे बसवून ते निघाले. वाटेत पोहण्याचा विषयसुद्धा काढला नाही.

"सर, थांबता का जरा?" ललित म्हणाला. "मी मालेगावला नाही येऊ शकत." आणि सरांच्या तोंडाकडे न बघता त्याने सगळं सांगून टाकलं.

सरांनी सायकल स्टँडला लावली. ते हसले नाहीत. "मला यातलं काही कळत नाही बघ. पण डॉक्टरला कळत असेल. येतोस? मी असेन बरोबर."

डॉक्टर म्हणाले, "हा आळस नाही. पुष्कळदा हे घराण्यातच असतं. जातं औषधाने. पुढच्या खेपेला वडिलांना घेऊन ये."

मालेगावला संघ त्याच्याशिवाय गेला आणि पहिलाच सामना हरून आला. ललितला ते फार लागलं.

खंडेराव कुरकुरतच दवाखान्यात आले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का असं?"

खंडेरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मला होतं. लग्न ठरेपर्यंत."

 बाहेर पडल्यावर ललितने विचारलं, "दादा, तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला सांगणार होतो?" खंडेराव म्हणाले, आणि चालू लागले.

औषध लागू पडायला दिवाळी उजाडली. तोवर एखादी सकाळ ओली निघालीच, तर खंडेराव स्वतःच उठत आणि गादी गच्चीवर वाळत टाकून येत.