फवाऱ्याच्या सुईची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. माझ्यात कुणी दोरा ओवत नाही आणि मी कुणाला टोचतही नाही. मी पोलादी, आतून पोकळ, केसाएवढ्या छिद्राची. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत, रेणूंचे वजन करणाऱ्या यंत्राच्या तोंडासमोर माझी उमेदीची वर्षे गेली. आता मी ड्रॉवरमध्ये निकामी सेल आणि पेनांच्या टोपणांच्या संगतीत पडून आहे.

माझे काम ऐका. साफ केलेला रक्ताचा नमुना भुकटी ठासलेल्या एका बारीक नळीतून ढकलत. काही पदार्थ तिथे रेंगाळत, काही झपाझप पुढे येत. असे वेगळे झालेले पदार्थ द्रवासोबत माझ्यापाशी पोहोचत. मला हजारो व्होल्टचा दाब दिलेला असे. त्या ओढीने माझ्या टोकावरचा द्रव निमुळता होई आणि धुक्यासारखा फवारा उडे. प्रत्येक थेंबावर विद्युतभार! गरम वायूने थेंब आटत, भार मात्र तेवढाच राही. सारखे भार एकमेकांना जवळ उभे करत नाहीत, म्हणून थेंब फुटे, पुन्हा आटे, पुन्हा फुटे. शेवटी भार घेतलेले सुटे रेणू उरत आणि यंत्र त्यांना आत ओढून घेई. ज्याच्या अंगावर भार नाही, तो यंत्राच्या लेखी जन्मालाच आलेला नाही.

खरी मेख इथेच आहे. थेंबात मीठ आणि चरबीची गर्दी झाली, की भार तेच बळकावतात आणि रक्तातले जे औषध मोजायचे, ते बिचारे हात हलवत परत जाते. म्हणून प्रत्येक नमुन्यात एक साक्षीदार घालत. तो त्याच औषधाचा जुळा भाऊ, वजनाने जरासा जास्त, आणि मोजून घातलेला. तोही कमी दिसला, की कळे, गडबड रक्तात नाही, फवाऱ्यात आहे.

तपासनीस ताई मला रोज धूत असे. "बघा, फवारा कसा सरळ पडतोय," असे कौतुकाने म्हणे. नमुन्यांची पेटी आणणारे गाडीवाले काका म्हणत, "मशीन काही खोटं बोलत नाही." ऐकून बरे वाटे हो!

मग काम वाढले आणि माझे धुणे राहू लागले. टोकावर मिठाचा पांढरा थर चढला. त्यातच तो जुळा संपला.

"साहेब, नवा यायला वेळ लागेल. तोवर थांबूया का?" ताईने प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारले.

"आणि दाराला कुलूप लावू? चालवा तसंच."

ताईने चालवले.

त्या दिवशी पेटीत काकांच्या नातीच्या, टिकलीच्या रक्ताची कुपी होती. तिला फिट येत असे. औषधाने फिट येणे थांबले होते. रक्तात औषध पुरेसे आहे ना, एवढेच पाहायचे होते. ते पुरेसे होते, मित्रांनो. माझ्यातूनच तर गेले! पण भार मिठाने खाल्ला आणि यंत्राने आकडा दिला, फारच कमी. डॉक्टरांनी डोस वाढवला. टिकली दिवसभर पेंगू लागली, तिचा तोल जाऊ लागला आणि एक दिवस ती शाळेच्या जिन्यावरून गडगडत खाली आली. हात मोडला, पुढचे दात गेले.

नवा जुळा आल्यावर जपून ठेवलेले तेच रक्त पुन्हा तपासले, तेव्हा सगळे उघडे पडले. साहेबांनी लगेच निकाल दिला, "सुई खराब होती." नाचता येईना, अंगण वाकडे! मला उपटून काढले.

काका आले. त्यांनी मला तळहातावर घेतले. साहेब शेजारीच उभे होते.

"एवढीशी? हिनं केलं हे, ताई?"

ताईने साहेबांकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"हो काका. सुईच खराब होती."

काका अजून पेट्या आणतात, पण यंत्राविषयी चकार शब्द काढत नाहीत.

मित्रांनो, आमच्यावर खुशाल खापर फोडा, आम्हाला कुठे तोंड आहे? फक्त ज्या सुईवर विसंबता, तिला वेळच्या वेळी धुवा. साक्षीदार नसेल त्या दिवशी निकाल देऊ नका. माझ्या बाजूनेही एकच साक्षीदार होती. ती जमिनीकडे पाहत खोटे बोलली.