डेपोच्या जागेची सुनावणी

आजवर लोक माझ्यातून बोलले. आज मी माझं स्वतःचं बोलतोय. मी माईक. डोक्यावर जाळी, पोटात एक पातळ पडदा आणि शेपटीसारखी लांब काळी वायर, एवढाच माझा जीव.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते भोंगेदादाचं दुकान. साउंड भाड्याने द्यायचा, म्हणून सगळं गाव त्याला भोंगेदादा म्हणे. स्वतः मात्र अगदी मितभाषी. लोकांचा आवाज मोठा करता करता बिचाऱ्याचा आवाज बसला असावा.

त्याच्याकडे राहून मी माणसं ओळखायला शिकलो. मला हातात घेतलं की आधी डोक्यावर टपल्या मारतात. मग फुंकर घालतात, जणू मी गरम चहा आहे. 'मी फक्त दोनच शब्द बोलणार' असं ज्याने म्हटलं, तो घाम फुटेपर्यंत खाली बसत नाही. आणि ज्याला खरंच काही सांगायचं असतं, तो मला तोंडापासून इतका लांब धरतो की त्याचं बोलणं पहिल्या रांगेलाही पोचत नाही.

मला नीट धरणारा एकच माणूस भेटला. कंट्रोलरकाका. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. खणखणीत आवाज, शब्द न् शब्द वेगळा. 'गाडी सुटत आहे' असं त्यांनी म्हटलं की माणूस अर्धा चहा टाकून पळायचा. त्यांच्या शब्दावर गावाचा इतका विश्वास होता. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे, दोन खोल्यांत राहत. बायको वारली होती. धाकटी लेक इस्पितळात रुग्णांची सेवा करायची. तिचं लग्न व्हायचं होतं.

त्या सुमारास शहर आणि आजूबाजूची गावं मिळून पुढच्या वीस वर्षांचा एकच आराखडा करायचं ठरलं. कुठे घरं, कुठे शेती, कुठून बस, सगळं एकत्र. त्यासाठी एक नियोजनवाल्या बाई आल्या. तरुण, उत्साही, पायात साध्या चपला. शाळेच्या सभागृहात त्यांनी टेबलांवर नकाशे मांडले, लोकांच्या हातात रंगीत टिकल्या दिल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच दाखवा. लोक हरखले. असं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. हिरव्या टिकल्या तर कमी पडल्या. प्रत्येकाला आपल्या घरासमोर बाग हवी होती.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. शहर पसरत न्यायचं नाही, आतल्या आत नीट वाढवायचं. बसस्थानकामागे जुन्या डेपोची जागा ओस पडली होती. तिथे तीन मजली इमारती बांधायच्या. लहान घरं, शहरात राबणाऱ्यांना परवडतील अशी. आणि शेजारच्या गावाचा नदीकाठचा खोलगट माळ तसाच मोकळा ठेवायचा, कारण नदी फुगली की तिला पसरायला तेवढीच जागा होती.

मग हरकतींची सुनावणी लागली आणि गावाचा नूर पालटला. नळाला आधीच पाणी कमी. गाड्या कुठे लावायच्या? कोण कुठली माणसं येतील? आपल्या घरांची किंमत उतरेल. आळीतले चौघे कंट्रोलरकाकांकडे गेले आणि म्हणाले, तुम्हीच बोला, तुमचं कुणी टाळत नाही. काकांना नियोजनाचं फारसं काही पडलेलं नव्हतं. पण बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांचा आवाज मागायला आलं होतं.

सभागृह खच्चून भरलं होतं. काकांनी मला हनुवटीखाली धरलं, ना टपली, ना फुंकर.

"आम्ही कुणाच्या विरोधात नाही," ते म्हणाले. "घरं व्हायलाच हवीत. पण डेपोच्या जागेवर पोरांना खेळायला मैदान द्या. आपलं गाव आपल्याला ओळखू येईल, एवढं तरी राहू द्या."

टाळ्यांनी छत दणाणलं. माझ्या अंगावर शहारा आला, खोटं कशाला बोलू? इतका सुंदर आवाज माझ्यातून क्वचितच गेला होता.

नंतर बाईंनी मला घेतलं. त्यांचा हात थंड होता.

"इथे नको म्हटलं म्हणून घरं थांबणार नाहीत," त्या म्हणाल्या. "ती कुठेतरी होणारच. कुठे, ते आज आपण ठरवतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, कुठेही होऊ देत. लोक हसले. हात वर झाले आणि घरं डेपोवरून पुसली गेली.

तेवढीच घरं मग त्या नदीकाठच्या गावाच्या माळावर टाकायचं ठरलं. तिथल्या सुनावणीलाही भोंगेदादा मला घेऊन गेला होता. मोजकी डोकी आली होती, त्यांतली निम्मी माळावरची जमीन विकणाऱ्यांची. कुणाचीच हरकत नव्हती. बाई एकट्याच पूररेषेबद्दल बोलत राहिल्या. पुढे त्यांची बदली झाली.

माळावर भराव पडला, इमारती उठल्या. मधल्या काळात काकांच्या लेकीचं लग्न झालं होतं. जावई बसच्या कार्यशाळेत मेकॅनिक, घरात अंथरुणाला खिळलेली आई. शहरात त्यांनी घर शोधशोध शोधलं. होती ती घरं मोठी आणि भाडी ऐकून बसायला खुर्ची लागावी अशी. शेवटी त्यांनी माळावरच्या घरासाठी अर्ज केला. सोडतीच्या दिवशी नावं वाचायला बिल्डरने कंट्रोलरकाकांनाच बोलावलं. चौथी इमारत, तळमजला, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या लेकीचं नाव वाचलं तेव्हा त्यांचा आवाज अभिमानाने चढला होता. सासूबाईंना जिना नको म्हणून लेकीने तळमजलाच मागून घेतला होता.

काही वर्षं बरी गेली. लेकीला मुलगी झाली. मग एका वर्षी वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी आपली जागा मागायला आली.

सकाळी भोंगेदादाने टेम्पोवर कर्णे बांधले, बॅटरी चढवली आणि भरावाच्या रस्त्यावर जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत गेला. काका शेजारी बसले होते. जावई रात्रपाळीला होता, तो अजून पोचला नव्हता. समोर नुसतं तपकिरी पाणी आणि त्यात उभ्या इमारती. काकांनी मला घेतलं.

"पहिली इमारत, सगळ्यांनी गच्चीवर या. पहिली इमारत, ऐकू येत असेल तर कापड हलवा."

गच्चीवर चादर हलली. मग दुसरी इमारत, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणी काही ना काही हललं. चौथ्या इमारतीचं नाव घेतलं तेव्हा वरच्या मजल्यावरची शेजारीण गच्चीच्या कठड्याशी आली. तिच्या कडेवर काकांची नात होती. मागे लेक नव्हती.

शेजारीण ओरडून काही सांगत होती, वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. नंतर कळलं. लेकीने पोरीला वर दिलं आणि सासूला आणायला ती पुन्हा खाली उतरली.

काका थांबले. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता आणि कर्ण्यांतून तोच श्वास सगळ्या माळावर ऐकू जात होता. भोंगेदादाने मला घेण्यासाठी हात पुढे केला. काकांनी मान हलवली.

"पाचवी इमारत," ते म्हणाले, "सगळ्यांनी गच्चीवर या."

सहावीही त्यांनीच हाकारली. मग मला मांडीवर ठेवलं. पाणी उतरल्यावर दोघी एकाच खोलीत सापडल्या.

वर्षभराने पुन्हा तेच सभागृह. माळावरच्या लोकांना डेपोच्या जागेवर घरं द्यावीत, असा अर्ज आला होता. मैदान तिथे कधी झालंच नव्हतं. शहरातल्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या. काका उठले. आवाज तोच होता, फक्त त्यातली घंटा गेली होती.

"मागे मी इथे बोललो, तेव्हा माझी लेक घरी पोळ्या करत होती," ते म्हणाले. "घर लागणार होतं ते तिला. ती या खोलीत नव्हती आणि मला ती आठवलीही नाही. तुमच्याही घरी कुणीतरी आहे."

मग कापडदुकानदारांच्या सौ. उठल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "काका, तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत. लेकीच्या नावाची पाटी आपण डेपोच्या जागेच्या दाराशी लावू. पण घरं म्हणाल तर, इथे नको."

"मग कुठे?" काकांनी विचारलं.

माझी गुणगुण तेवढी चालू होती. हात वर झाले. काकांच्या मुलाने हात वर केला नाही, ना या बाजूने, ना त्या बाजूने. तो पायांकडे बघत बसला होता. अर्ज फेटाळला गेला आणि पाटी मंजूर झाली.

आता माझे दिवस भरत आलेत. माळावरची ओल माझ्या पडद्यात शिरली, तेव्हापासून मी घोगरा झालोय. भोंगेदादाने बिनवायरचे नवे माईक आणले. सुनावण्याही हल्ली मोबाइलवर होतात. मी दुकानात खिळ्याला लटकून असतो.

माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला हातात घेणारे सगळे भलेच होते. एवढंच मागणं आहे की, बोलायला उभे राहाल तेव्हा रिकाम्या खुर्च्यांकडेही एकदा बघा. ज्यांचं ठरायचं असतं, ते बहुतेक कामावर गेलेले असतात, किंवा अजून जन्मायचे असतात.

कंट्रोलरकाकांनी मुलाचं घर सोडलं. ते आता माळावर, चौथ्या इमारतीतच, वरच्या मजल्यावर जावई आणि नातीजवळ राहतात. काल ते दुकानात आले होते. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणाले, बॅटरी भरून ठेव. भोंगेदादा नवा माईक काढायला लागला, तर काकांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. याच्यावर माझा हात बसलाय, म्हणाले.

मी वाट बघतोय. मनात मात्र हेच घोळतं की त्यांनी मला न्यायला येऊच नये.