डिस्क कोरी करण्याची आज्ञा

"त्सोंकामावशी, सकाळी काही खाल्लंत का?" शेजारच्या खुर्चीवरून रोसित्सानं विचारलं.

त्सोंकाला ते ऐकू आलं नाही. तिनं ते रोसित्साच्या ओठांवरून वाचलं. "सकाळपासून नुसती कॉफी पोटात आहे," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षं तिनं लोकरीच्या गिरणीत माग चालवला होता. त्या खडखडाटात कान हळूहळू गेले. तिथं सगळ्याच बायका ओठ वाचून बोलायच्या, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग माग बंद झाले आणि तिला जिल्ह्याच्या संगणक केंद्रात ऑपरेटरच्या प्रशिक्षणाला धाडलं. फॉर्मवर तिनं लिहिलं, 'ऐकू व्यवस्थित येते.' गिरणीच्या डॉक्टरनं मान वर न करता शिक्का मारला. तेव्हापासून कुणी पाठीमागून हाक मारली असेल का, या धास्तीनं ती सारखी वळून बघायची.

आज्ञा मात्र तिला तोंडपाठ होत्या. काय काय जोडलंय ते दाखवणारी, डिस्क चढवणारी, नक्कल काढणारी, चालू काम थांबवणारी. शेवटची आज्ञा डिस्क कोरी करण्याची. ती वहीत लिहितानासुद्धा त्सोंका अक्षर न् अक्षर दोनदा तपासायची. "या आज्ञेनंतर रडून उपयोग नाही," असं प्रशिक्षक हाजिएव पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

आज परीक्षा होती. राजधानी सोफियाहून आलेले दोन परीक्षक भिंतीशी बसले होते. त्यांच्यापुढे हाजिएवच घामाघूम झाले होते.

"कॉम्रेड दिमोवा, पाच नंबरची डिस्क कोरी करा," हाजिएव त्सोंकाला म्हणाले.

पाच? सरावाची डिस्क तर रोज सातवर असे. आज बदलली असेल, की आपणच चुकीचं वाचलं? त्सोंकानं आधी 'दाखव'ची आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरं उमटली. पाच नंबरवर अख्ख्या जिल्ह्याच्या पेन्शनच्या नोंदी होत्या. गिरणीतल्या म्हाताऱ्यांच्या नोकरीचा सगळा हिशेब त्या एका डिस्कवर होता.

तरी सांगितल्याप्रमाणे तिनं पाच नंबर कोरी करण्याची आज्ञा टंकली. यंत्रानं विचारलं: नक्की? हो की नाही?

विचारावं तर बहिरेपण उघडं पडणार, या वयात दुसरं काम कोण देणार? न विचारता बोट टेकवावं तर...

"चला, वेळ जातोय," हाजिएव म्हणाले.

त्सोंका उठून उभी राहिली. "मला कमी ऐकू येतं, कॉम्रेड. कितवी डिस्क म्हणालात? पाचवर पेन्शनच्या नोंदी आहेत."

हाजिएवांचा चेहरा पांढराफटक पडला. पण क्षणभरच. "सात म्हणालो मी. ऐकू येत नाही तर आलात कशाला इथं?"

रोसित्साचे ओठ उघडले. तिनं परीक्षकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्सोंका बसली. तिनं 'नाही' टंकलं, मग सात नंबरची डिस्क रीतसर कोरी केली. एकही चूक झाली नाही.

शेरा आला: श्रवणदोष, ऑपरेटरच्या कामास अयोग्य. तिची नेमणूक तळघरात, नोंदींच्या टेपांच्या कोठारात झाली.

बाहेरच्या बोळात रोसित्सानं तिचा हात धरला. "ते पाचच म्हणाले होते. मी बोलायला हवं होतं, मावशी. पण माझी परीक्षा व्हायचीय अजून."

"ठाऊक आहे मला. जा, आता तुझाच नंबर असेल," त्सोंका म्हणाली. "आणि ती कॉलर नीट कर."

महिन्याभरानं हाजिएव तळघरात उतरले. कोठाराच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "मार्चच्या पगाराची टेप द्या."

त्सोंकानं त्यांच्या ओठांवरून शब्द न् शब्द वाचला. मग एक कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.

"लिहून द्या, कॉम्रेड. खाली सही."

हाजिएवांनी मागं वळून पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलली आणि वाकून लिहू लागले. सही होईपर्यंत त्सोंका जागची हलली नाही.