सातवा ग्लास
सहा ग्लास पाणी पोटात गेलं होतं आणि सातवा नणंदेच्या हातात तयार होता. "पी मुकाट्यानं," नणंद म्हणाली, तशी शिंपीणबाईने नाक दाबून तोही रिचवला.

शिंपीणबाई म्हणजे तिच्या भावाची बायको. सासरी आल्या आल्या घरभर पडदे शिवले आणि हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नणंदेची जीभ म्हणजे कात्री, तिच्यापुढे कोण बोलणार!

शिंपीणबाईच्या गर्भपिशवीत मोसंबीएवढी गाठ होती. दर महिन्याला इतकं अंगावरून जायचं की मशीनवर बसल्या जागी डोळ्यांपुढे अंधारी यायची. पहिले डॉक्टर सरळ पिशवीच काढा म्हणाले. पण तिला मूल हवं होतं हो, फार हवं होतं. नणंद मात्र वर्षभर एकच पालुपद लावून बसलेली, की काढून टाक एकदाची, मी काढली तर मेले का?

या दवाखान्यात पोट न कापता, बाहेरून आवाजाच्या लहरी एका जागी गोळा करून गाठ आतल्या आत भाजायचे. पण सरसकट सगळ्यांची नाही. आधी एमआरआय काढून गाठ पारखायची. सकाळच्या फोटोत ती काळी निघाली, आणि फोटो बघणाऱ्या डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पांढऱ्या गाठीत पाणी फार, ती लवकर तापत नाही म्हणे. ओल्याचिंब कापडाला इस्त्री लागत नाही, तसंच हे, शिंपीणबाईला चटकन कळलं. नणंद स्वतः चांगली काळीसावळी. जन्मात पहिल्यांदा कुणी काळ्याला बरं म्हटलं, असं ती पुटपुटली.

पण माशी शिंकली पुढेच. गाठीसमोर आतड्याचं वेटोळं आडवं आलं होतं. लहरी त्यातून गेल्या तर आतडंच भाजायचं. म्हणून आता लघवी तुंबवून, पालथं झोपून पुन्हा फोटो. आतडं सरकलं तर ठीक, नाहीतर इथला उपाय बंद.

वीस मिनिटं ती मशीनमध्ये दात आवळून पडून राहिली. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघींना कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी बोलावलं. "सरकलं. वाट मोकळी आहे, तुमच्यावर हा उपचार करता येईल."

शिंपीणबाईला रडूच फुटलं. मग आठवलं की पोट फुटायला आलंय, आणि ती दाराकडे धावली.

"हे मधलं काय?" मागे नणंद विचारत होती.

ते गर्भाशय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नणंद वाकली. काचेला न लावता तिने बोट त्या आकाराभोवती हळूच फिरवलं.

"असं असतं होय," ती म्हणाली. "माझं मला कुणी दाखवलंच नाही. एकोणतीस वर्षांची होते. सही करा म्हणाले, केली."

शिंपीणबाई दारातून परत फिरली. नणंदेच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. डॉक्टरीणबाई एकेक फोटो पुढे सरकवत होत्या, आणि नणंद प्रत्येक फोटो नीट बघत होती.

जरा वेळाने तिचं लक्ष भावजयीच्या पायांकडे गेलं. पायावर पाय घट्ट आवळलेले, तोंड लालबुंद.

"अगं जा की आता, फुटशील."

"तुमचं बघून होऊ दे, ताई," शिंपीणबाई म्हणाली.