पालथी पुंगळी

ऑर्विल हस्केलच्या खोड्या मोंटानातल्या त्या अख्ख्या खोऱ्याला पाठ होत्या. पाद्रीबाबांच्या टोपीत बेडूक सोडणारा तोच, शेजाऱ्याच्या गाईला रविवारचा झगा चढवणाराही तोच. पण त्याचं हक्काचं गिऱ्हाईक एकच, बायको लव्हॉन.

गॅरेजातल्या बाकाशी दोघं खेटून बसायची आणि काडतुसं भरायची. तिने बंदुकीची दारू तोलून पितळी पुंगळीत ओतायची, त्याने वर गोळी दाबून बसवायची. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत रिकाम्या पुंगळ्या पालथ्या आणि भरलेल्या उताण्या, हा लव्हॉनचा कायदा. ती कॉफी आणायला उठली की हा हळूच एखादी रिकामी उताणी करायचा. ती परत येऊन बॅटरीच्या उजेडात एकेकीत डोकवायची, नेमकी तीच पकडायची आणि म्हणायची, "म्हाताऱ्या, हात आवर." कधी तिच्याच हातून एकीत दोनदा दारू पडली, तर ती पुंगळीच्या तोंडावर पत्त्यातली बदामाची राणी धरायची, पुंगळी पालथी घालायची आणि पत्ता अलगद ओढून घ्यायची. कण सांडायचा नाही. पालथी दिसली की हात लावायचा नाही. आणि मनात जरा जरी शंका आली, तरी सगळा ठोकळा ओतून परत पहिल्यापासून.

लव्हॉन हिवाळ्यात गेली. शवपेटी बंद करण्याआधी ऑर्विलनेच ती राणी तिच्या झग्याच्या खिशात सरकवली. "घे, तिथल्यांना पकड आता," म्हणाला, आणि रडणारी माणसं हसायला लागली.

हरणांचा मोसम आला. लेक ट्रेसा आईची बंदूक घेऊन डोंगरात जाणार होती. तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, जोराचा धक्का सोसायचा नाही, म्हणून ऑर्विल तिच्यासाठी हलकी काडतुसं भरत होता. त्यात दारू एवढीशीच, तळाला चिमूटभर. आणि धोका तोच. चुकून दुप्पट पडली तरी पुंगळी वरून तशीच दिसते, आणि मग बंदूक पोरीच्या तोंडावरच फुटायची.

भरता भरता फोन वाजला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो की. तुझ्या कुत्र्याचं खाणं छान असतं."

"बाबा!"

हसत तो बाकाशी परतला आणि थबकला. भरलेल्यांच्या रांगेत एक पुंगळी पालथी. उचलली, तर खाली दारूचा नीट ढीग, भोवती कण नाही. तोलली. बरोब्बर दुप्पट.

त्याने दाराकडे बघितलं, मागे बघितलं. मग स्टुलावर बसून स्वतःशीच म्हणाला, "अगं बाई."

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम एका पुंगळीत दोनदा ओतलं आणि शीळ घालत कॉफी आणायला गेला. परत आला, तर तीच पालथी. म्हातारा डोळ्यांतून पाणी येईतो हसला. मग रोजचा खेळच झाला. सकाळी दाढी करायचा, स्वच्छ सदरा घालायचा, एक चूक करायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा सावरला.

एक दिवस परत आला, तर सगळ्या उताण्या. कुठल्या पुंगळीत दुप्पट ओतली होती, आठवेना. बॅटरी मारली, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसल्या. "रुसलीस होय?" तो म्हणाला. थोडा वेळ वाट बघितली. मग मनाशीच ठरवलं की आज आपण दुप्पट ओतलीच नसेल. सगळा ठोकळा ओतायचा सोडून, फुरंगटल्यासारखा, एकेकीवर गोळी बसवत गेला.

शनिवारी ट्रेसा आली. काडतुसांचा डबा खिशात टाकला, स्वयंपाकघरात मगभर कॉफी ओतून घेतली आणि बूट चढवायला दाराशी गेली. ऑर्विल तिच्यासाठी बिस्किटं बांधत होता. वळून बघतो, तर टेबलावर तिचा मग पालथा.

थेंब सांडलेला नाही.

त्याच्या हातातली बिस्किटं खाली पडली. "ट्रेसा, डबा दे इकडे."

"का?"

"दे म्हणतो ना. त्यातलं एक चुकलंय."

"बाबा, पुरे हं. आईलाही असंच छळायचात."

"ह्या वेळी खोडी नाही, पोरी."

"हे तर तुम्ही दर वेळीच म्हणता!" ट्रेसा हसत आली आणि तिने तो पालथा मग उचलला. भस्सकन वाफाळती कॉफी टेबलभर पसरली. "अय्या! कसं केलंत हो?"

ऑर्विलने हात पुढेच धरला होता. वडिलांचा चेहरा असा तिने फक्त आईच्या शवपेटीपाशी बघितला होता. तिने डबा काढून त्यांच्या हातात दिला.

दोघं गॅरेजात गेली. ट्रेसा आईच्या स्टुलावर बसली. काडतूस उलटं अडकवून ठोकलं की गोळी निघते, अशा पोकळ हातोड्यात एकेक घालून ती ठोकत गेली. गोळी निखळली की दारू तोलायची. ठीक. हीही ठीक. पुढचीही ठीक. डबा संपत आला, आणि मग एकीच्या दारूला तराजूची दांडी थेट वर गेली.

ट्रेसाने ती पुन्हा तोलली. दुप्पटच.

"तो कॉफीचा मग," शेवटी ती हळूच म्हणाली. "खरंच कसा केलात?"

"तसं पालथं घालायला पत्ता लागतो. तुझी आई धरायची तो."

"कुठाय तो?"

"तिच्याजवळ."

ती पुढे काही विचारायच्या आत तो फडकं घेऊन स्वयंपाकघरातलं टेबल पुसायला गेला. कॉफी अजून टेबलभर साचलेली होती. फक्त मग होता तिथे, चारी बाजूंनी ओल असताना, पत्त्याएवढी एक जागा कोरडी ठाक होती.